नकाराची किंमत

इंग्रजीत ‘टो द लाइन’ असा वाक्प्रचार आहे. आखलेल्या रेषेला पायाची बोटे टेकवून सगळ्यांसारखे उभे राहायचे. पक्षादेश मुकाट्याने पाळणाऱ्या पुढाऱ्याबद्दल तो आज हमखास वापरला जातो. मला मात्र ओढ आहे ती रेषेबाहेर पाऊल टाकणाऱ्याची. त्याचे पुढे काय होते?

अकोल्यात शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला, तेव्हा याचे उत्तर व्यक्तीच्या धैर्यात शोधले जात होते. इंग्रज तत्त्वज्ञ मिलचे विचार त्यांनी पचवले होते. बहुमताची दडपशाही राजाच्या जुलमाइतकीच घातक, हे ते पुण्यात उघड मांडत राहिले. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर ढळले नाहीत. पण ज्याच्या घरचे धान्य गावाच्या मर्जीवर येते, त्याने एवढी हिंमत आणायची कुठून?

बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढे नेला. अस्पृश्यांनी मेलेली ढोरे ओढणार नाही म्हणताच मजुरी बंद, किराणा बंद, वाट बंद, हे त्यांनी महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगाव पाहिले. बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचे सर्वांत धारदार शस्त्र असल्याचे, ते स्वतः सदस्य असलेल्या स्टार्ट समितीनेही १९३० मध्ये नोंदवले. एकटा माणूस चिरडला जातो, म्हणून बाहेर पडायचे ते लाखोंनी मिळून. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतराच्या वेळी घडले ते हेच. माझ्या मते महाराष्ट्रात या विचाराने घेतलेले हे सर्वांत मोठे वळण. नंतर विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, आणि वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली.

तरी एक दडपण कोणत्याच कलमात बसत नाही. ते पाहायचे तर हंगामात सकाळी नागपूरच्या कळमना बाजारात जावे. काटोल-नरखेडची संत्री गाडीतून उतरवून त्यांचे ढीग लावले जातात. खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो, पहिल्या दोन-चार ढिगांवर जो आकडा फुटला त्याच्या आसपासच पुढच्या बोल्या घुटमळतात. माल कितीही चोख असो, “भाऊ, आज हाच भाव चालू आहे,” एवढे ऐकून शेतकरी मान हलवतो. बोली उघड आहे, नको म्हणायचा हक्कही त्याला आहे. पण गाडीभाडे अंगावर, हमाली वेगळी, आणि फळ तासातासाने मऊ पडत असते. त्याच्यावर कोणी बहिष्कार घातलेला नाही. तरी तो रेषेवरच उभा राहतो.

सोयाबीन-तुरीवाल्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी मिळते आणि सहा महिने थांबता येते. गोदामाच्या पावतीच्या बळावर साधा शेतकरीही पडत्या भावाला नाही म्हणू शकतो. ताज्या संत्र्याला हे तारण नाही. योग्य थंडाव्यात संत्रे काही आठवडे टिकते. कळमन्यात बागायतदाराच्या हक्काचे, परवडेल अशा भाड्याचे शीतगृह आणि त्याच्या पावतीवर कर्ज, या मागणीला मी आगरकरांच्याच परंपरेतली मागणी समजतो.