शस्त्रधारण : हक्क की कर्तव्य ?

खंडेनवमीस पाटावर शस्त्रे मांडून त्यांची पूजा करण्याची रीत आमच्या इंदूरच्या घरी तीन पिढ्यांची आहे. शस्त्रे म्हणजे तरी काय ? विळी, कोयता, कात्री, एक जुनी पटाशी, दौत-लेखणी, आणि या सर्वांच्या मधोमध आजोबांची एकनळी बंदूक. होळकर दरबारच्या चाकरीत असताना त्यांनी ती घेतली होती. ज्या वडीलबंधूंच्या नावे तिचा परवाना होता ते गेल्या वर्षी निवर्तले आणि कायद्याप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. यंदाच्या खंडेनवमीस पाटावर तेवढी जागा रिकामी राहिली. झेंडूची फुले मात्र सवयीने तिथेही पडली.

वारस या नात्याने परवान्यासाठी अर्ज करावा, की त्या वस्तूचा कायमचा निरोप घ्यावा, असा प्रश्न आता घरापुढे आहे. धाकटे बंधू शहराबाहेर शेतावर एकटे राहतात. ते म्हणतात, "चोर काठी घेऊन येईल की पिस्तूल, हे मला विचारून येणार नाही. माझ्या घराचे रक्षण हा माझा हक्क आहे." वहिनींचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. "इतकी वर्षे ती भिंतीवर होती आणि इतकी वर्षे मी कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन निजले. आता नातवंडांच्या घरात ती नको." दोन्ही म्हणणी आम्हांस खरी वाटतात. म्हणूनच हा प्रश्न केवळ एका घरचा नाही असे जाणवून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

याच सुमारास आमचा एक भाचा अमेरिकेतील टेक्सास राज्यातून सुट्टीवर आला होता. तेथील विधिमंडळाची नियमित बैठक विषम वर्षी भरते आणि ती १४० दिवसांची असते. तेवढ्या दिवसांत बंदुकीसंबंधी कोणते विधेयक आले, ते कोणत्या समितीकडे गेले, कोणी बाजूने आणि कोणी विरुद्ध मत दिले, याची टिपणे तो व त्याचे काही शेजारी नेमाने ठेवतात. २०२१ साली तेथे एक कायदा झाला. त्यान्वये १ सप्टेंबरपासून एकवीस वर्षांवरील बहुतेक नागरिकांस परवान्यावाचून कमरेस पिस्तूल लावून हिंडता येऊ लागले. भाच्याची मुले शाळेत जातात, म्हणून तो चिंतेने टिपणे ठेवतो. त्याच्या समोरच राहणारे गृहस्थ हक्कावर गदा येऊ नये म्हणून तितक्याच निष्ठेने टिपणे ठेवतात. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथे मान्य केला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तो व्यक्तीचा हक्क असल्याचे सांगितले व २०१० साली तो राज्यांवरही बंधनकारक ठरविला. भाच्याने सहज विचारले, "मामा, तुमच्या भोपाळच्या विधानसभेत याविषयी काय चालते ?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही निरुत्तर झालो. वस्तुस्थिती अशी की भोपाळास याविषयी बोलण्याजोगे फारसे नाहीच. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. सुव्यवस्था राखणे राज्याकडे, परवाना बहुशः जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने, पण कायदा करणार तो दिल्लीच. म्हणजे विधिमंडळावर नजर ठेवावयाची तर ती संसदेवर ठेवली पाहिजे. डिसेंबर २०१९ मध्ये १९५९ च्या शस्त्र अधिनियमास दुरुस्ती झाली. एका माणसास तीन बंदुका बाळगता येत असत, त्या दोनवर आल्या. मूळ विधेयकात तर एकच ठेवावयाची होती. परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली. लग्नाच्या वरातीत हर्षाने गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. वारशाने येणारी शस्त्रेही दोनच्या मर्यादेत आली. भिंतीवर बंदूक टांगलेल्या आमच्या घरात यातील एक अक्षरही कोणास ठाऊक नव्हते. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

परंतु भाच्याच्या प्रश्नाचा खरा गाभा निराळाच होता. अमेरिकेत जो हक्क आहे, तो आपल्याकडे का नाही ? तो कोणी मागितलाच नाही काय ?

मागितला होता, आणि मागणारे गृहस्थ मंगळूरच्या मातीतले होते, हे या मासिकाच्या वाचकांस मुद्दाम सांगितले पाहिजे. हरि विष्णु कामत हे आय. सी. एस. ची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले, मध्यप्रांत-वऱ्हाडातून संविधान सभेवर आले, आणि पुढे नर्मदाकाठच्या होशंगाबादेतून लोकसभेवरही निवडून गेले. डिसेंबर १९४८ च्या आरंभी मूलभूत हक्कांची चर्चा चालू असता, शस्त्र बाळगण्याचा व धारण करण्याचा हक्क त्यांत घालावा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. शांतता व सुव्यवस्थेसाठी राज्याने निर्बंध घालावेत, ही सोयही तीत ठेवली होती. ही मागणी आकाशातून पडलेली नव्हती. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत गणला होता. लॉर्ड लिटनच्या अमदानीतील १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी केली, तर युरोपियनांस त्यातून सूट मिळाली. एका राष्ट्राच्या हातून शस्त्र काढून घेणारा हा कायदा इतिहासात अत्यंत काळा ठरेल, असे अहिंसेचे उपासक गांधीजीदेखील १९१८ साली लिहून गेले. निःशस्त्र राहण्याचे व्रत घेणे निराळे आणि कोणी हातातून शस्त्र हिसकावणे निराळे, हा भेद त्यांस पुरता ठाऊक होता.

कामतांस उत्तर देणारे पुरुष आमच्या शेजारचे. इंदुरापासून जवळच असलेल्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा होता : प्रत्येकाने बाजारात जाऊन वाटेल ते मारक हत्यार विनाअडथळा विकत आणावे असा हक्क दिला, तर राज्यकारभार चालावयाचा कसा ? आणि आग्रह धरावयाचाच तर तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा न धरता कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. आज मूलभूत हक्कांच्या प्रकरणात शस्त्रांचा उल्लेख येतो तो जमण्याचे स्वातंत्र्य सांगताना, 'शांततेने व विनाशस्त्र' अशा अर्थी. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणास धर्माचरणाचा भाग म्हणून मान्यता आहे.

आम्हांस या उत्तराचा विचार वारंवार करावासा वाटतो. ज्या समाजाने कंपनी सरकारच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या बंदूक खांद्यावर वाहिली, त्याच महार समाजास १८९० नंतरच्या काही वर्षांत लष्करभरतीचे दार बंद झाले. स्मृतिकारांनी धर्मरक्षणार्थ शस्त्रग्रहणाची मुभा दिली ती द्विजांस. शस्त्र कोणाच्या हाती असावे आणि कोणाच्या असू नये, या निवाड्याचे चटके ज्याच्या घराने सोसले, त्याने शस्त्राचा हक्क मागितला असता तर नवल नव्हते. त्यांनी कर्तव्याची भाषा काढली. आमच्या मते या शब्दभेदात सारा प्रश्न सामावला आहे. हक्क म्हटला की 'माझे घर' एवढेच डोळ्यांसमोर येते. कर्तव्य म्हटले की 'कोणाचे रक्षण ?' हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्या पुराणकथांतही हाच भेद दिसतो. विजयादशमीस आपण ज्या शमीची पूजा करतो, तिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रे ठेवली ती आपल्या प्रतिज्ञेच्या पालनासाठी. अज्ञातवासात अपमान झाले, द्रौपदीवर प्रसंग आला, तरी गांडीव खाली आले नाही. ते खाली आले विराटाच्या गाई कौरवांनी वळवून नेल्या तेव्हा. ज्या राज्याने आसरा दिला, त्या राज्याच्या गोधनासाठी बृहन्नडेच्या वेषातील अर्जुनाने ते हाती घेतले. आणि गोमंतकातील आमची शांतादुर्गा ? शिव आणि विष्णू यांचे युद्ध जुंपले असता ती मध्ये उभी राहिली, आणि तिच्या दोन हातांतील दोन सर्प म्हणजे ते दोघे, अशी परंपरा आहे. दुर्गा असूनही शांता, हे नाव आपल्या पूर्वजांनी विचारपूर्वकच ठेविले असले पाहिजे.

माळव्याच्या इतिहासानेही हेच शिकविले आहे. महिदपूरच्या रणानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची गादी इंदुरास आली. त्यापूर्वीच्या दोन दशकांत ज्याच्या हाती भाला तो राजा, अशी या प्रांताची स्थिती होती आणि पेंढाऱ्यांच्या घोड्यांखाली गावे उजाड होत होती. शस्त्रे घरोघर असतानाही घरे सुरक्षित नव्हती. त्याच्या आधी अहिल्यादेवींनी (१७२५–१७९५) निराळा मार्ग दाखविला होता. घाटांतून वाटसरूंस लुटणाऱ्या भिल्लांचा 'भील-कवडी' घेण्याचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, आणि मोबदल्यात त्याच वाटांच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर टाकला. धनुष्यबाण तेच, हातही तेच. वाटसरूंचा जीव त्यांच्या हवाली झाला आणि त्या धनुष्याचा धर्म बदलला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. शस्त्र टाकणारा सज्जन अखेर पोलिसाच्या बंदुकीच्या भरवशावरच निजतो ना ? मग त्याचे हात निर्मळ कसे ? आम्ही नम्रपणे म्हणू की ते निर्मळ नाहीतच. शिपायाच्या खांद्यावरील बंदूक आमच्याच नावाने आहे. ती कोठे चालली, कोठे चालावयास हवी होती आणि चालली नाही, दुबळ्याची फिर्याद ठाण्यावर लिहून घेतली गेली की नाही, हे पाहण्याचे ओझे आपले शस्त्र सोडून देणाऱ्याच्या माथी अधिकच येते. ते न उचलता केवळ घर निःशस्त्र केले, तर त्यास अहिंसा म्हणता येणार नाही. तो आळस होय.

दुसरेही न्यायाने सांगितले पाहिजे. आपला कायदा कृपण नाही. आत्मरक्षणासाठी गुळगुळीत नळीची साधी बंदूक किंवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाचा १९५९ च्या अधिनियमाने विचार केला आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणास्तव परवाना नाकारता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. मंगळूरच्या वाचकांस कोडगूचे उदाहरण घरचे आहे. कोडवांस परवान्यातून जुनी सूट आहे, ती केंद्राने २०२९ पर्यंत वाढविली, आणि 'कैलपोढ' सणास तेथे बंदुकीस फुले वाहतात. शस्त्र आणि सदाचार एका घरात नांदूच शकत नाहीत, असे आमचे म्हणणे नाही.

मग निवाडा कसा करावा ? आम्ही धाकट्या बंधूंस एकच गोष्ट विचारली : "मध्यरात्री शेजारच्या मजुरांच्या वस्तीवर दरोडा पडला, तर ही बंदूक घेऊन तू त्यांच्यासाठी धावशील काय ?" ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "धावेन की नाही, छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पण दार आतून लावून बसणार असेन, तर ती वस्तू आजोबांची म्हणून मागण्याचे तोंड मला नाही."

अर्ज अद्याप केलेला नाही. बंदूक ठाण्यातच आहे. दरम्यान आसपासच्या चार शेतकऱ्यांनी व त्या वस्तीतील तरुणांनी मिळून रात्रीची गस्त सुरू केली आहे. बुधवार आणि शनिवार ही बंधूंची पाळी. हाती काठी आणि विजेरी असते. वहिनींनी विचारले, "भीती नाही वाटत ?" ते म्हणाले, "वाटते. पण पूर्वी एकट्याला वाटे."

पुढल्या खंडेनवमीस त्या रिकाम्या जागी काय ठेवावे, याचा निर्णय घराने त्यांच्यावर सोपविला आहे. आम्ही स्वतः एक नेम केला आहे : संसदेचे अधिवेशन सुरू झाले की शस्त्रविषयक विधेयक आहे काय, ते आमच्या खासदारांनी वाचले काय आणि मत कोणते दिले, याची नोंद एका वहीत ठेवावयाची. दसऱ्यास ती वहीही पाटावर मांडू. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी भिंतीवरची वडिलोपार्जित शस्त्रे असतील, त्यांनी ती पुसून पुन्हा टांगण्यापूर्वी हा प्रश्न एकवार स्वतःस विचारावा, एवढीच विनंती.