न कोमेजणारी फुलं

आमच्या गावाकडच्या घराचं माळवद उतरवायचं ठरलं, तेव्हा मी पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून गेलो. खरं सांगायचं तर मदतीला नव्हे, आडवं पडायला गेलो.

गाव औसा तालुक्यातलं. घर पणजोबांनी बांधलेलं. दगडमातीच्या दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरसाल मृग निघायच्या आत त्या थरावर नवी माती ओढायची, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळायचं. खाली शेणानं सारवलेली जमीन. एप्रिल-मे महिन्यात बाहेर ऊन भाजून काढायचं आणि ढाळजेत मात्र रांजणातल्या पाण्यासारखा गारवा. तो गारवा मी शहरातल्या मित्रांना इतक्या वेळा सांगितलाय की माझ्या मुलांना तो तोंडपाठ झालाय.

आता तिथं स्लॅब पडणार होता. खाली टाइल्स. मी आईला म्हटलं, "निदान देवघर तरी मातीचं राहू दे."

आई म्हणाली, "आधी लातूरला चल. फरशी बघून येऊ."

दुकानात गेलो. दोन फूट बाय दोन फुटांच्या चकचकीत टाइल्स भिंतीला टेकवून उभ्या होत्या. दुकानदार म्हणाला, माल मोरबीचा आहे, डाग धरत नाही. जमिनीची टाइल आईनं पाच मिनिटांत पसंत केली. मग देवघराच्या भिंतीसाठी ती एका टाइलपाशी थांबली. तिच्यावर भलंमोठं गुलाबी कमळ छापलेलं होतं, पाकळ्यांवर दवाचे थेंबसुद्धा छापलेले. आईनं त्यावरून बोट फिरवलं. "हे घेऊ," म्हणाली.

माझ्या अंगावर काटाच आला. मी तिला समजवायला लागलो. आपण देवाला फूल वाहतो ते कशासाठी? सकाळी उमललेलं संध्याकाळी कोमेजतं म्हणून. शिळं फूल देवाला चालत नाही, उद्या पुन्हा नवं आणावं लागतं. हे रोजचं आणणं हीच तर पूजा. ज्याला कोमेजायचं ठाऊक नाही ते फूल कसलं, नुसतं चित्र. सारवणाचंही तसंच. आठ दिवसांनी फिकं पडतं, पुन्हा हात फिरवावा लागतो, म्हणून ते घर आपलं वाटतं. मी चांगला बोललो असणार, कारण दुकानातला पोरगाही ऐकत उभा राहिला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाळा, माझा सारा जलम कोमेजलेलं उचलण्यात गेला. एक तरी फूल असं राहू दे, जे मला उचलावं लागणार न्हाई."

परतीच्या एस.टी.त मी गप्प होतो. मनात हिशेब चालला होता. आई लग्न होऊन या घरात आली त्याला 50 वर्षं झाली. आठवड्यातून एकदा सारवण धरलं तरी वर्षाला 52 वेळा. म्हणजे 2600 वेळा ती त्या जमिनीवर ओणवी झाली. शेण आणणं, माती भिजवणं, दसऱ्याच्या आधी भिंती पोतारणं, माळवदावर माती चढवताना पाट्या उचलून देणं, हे वेगळंच. आणि मी? मी एकदाही सारवलं नव्हतं. सारवल्यानंतरच्या वासावर मात्र चार पानं लिहिली होती.

गावाच्या फाट्यावर उतरून चालत येताना आई आणखी एक बोलली, आणि ते मला आजवर ठाऊक नव्हतं. "भूकंपापासून मी तुळईखाली झोपले न्हाई."

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन होऊन माणसं दमून झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून फार लांब नाही. आमची नुसती मागची भिंत बसली, माणसं वाचली. त्या भागातली हजारो माणसं मात्र गेली. भूकंपाइतकीच त्यांना घरांनी मारली. मातीत रचलेले दगड आणि वरचा मातीचा थर अंगावर आला आणि झोपलेली माणसं त्याखालीच राहिली. ज्या जाड भिंतींच्या गारव्याचं मी कौतुक करत होतो, त्याच त्या भिंती. मी तेव्हा वसतिगृहात होतो. सुट्टीला आलो की आई दारातल्या पायरीलगत अंथरूण टाकायची. मला वाटायचं, तिला उकडतं.

जुनं ते चांगलं म्हणण्याचा हक्क कुणाला असतो? मला वाटतं, ज्यानं त्याचा भार वाहिला त्याला आधी. बाकीच्यांनी जरा दबकूनच बोलावं. शिवाय 'आपलं' म्हणून आपण जे धरून बसतो, तेही एके काळी परकंच असतं. दसऱ्याला ज्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथं तो मेलेल्या माणसांच्या आठवणीच्या सणाला वाहतात. आपण त्याला दाराच्या तोरणात ओवला आणि तो आपला झाला. उद्या सिमेंटही होईल. वस्तू कुठून आली यापेक्षा तिच्याशी आपले हात कसे वागले, यावर ते ठरत असावं.

म्हणून टाइल्सला मी पुन्हा विरोध केला नाही. पण माळवद उतरवलं त्या दिवशी एक गोष्ट दिसली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वरची पांढरी माती खाली पडली तशी गल्लीतली माणसं बैलगाड्या आणि ट्रॅक्टर घेऊन आली. गावठाणाची जुनी माती शेताला चांगली, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पांढरीची माती काळीत गेली. तुळया-सर सुताराकडं गेले. दगड पायात भरले. शंभर वर्षांचं घर आठ दिवसांत विरघळून कामाला लागलं. मागं, 15 वर्षांपूर्वी बांधलेली न्हाणीही पाडली होती, सिमेंटची. तिचे तुकडे मात्र कुणी घेईना. ते अजून ओढ्याच्या काठाला पडून आहेत. त्यांच्यावर गवतही धड येत नाही.

फुलांचंही असंच आहे. कोमेजलेल्या फुलाला आपल्याकडं निर्माल्य म्हणतात, कचरा म्हणत नाहीत. ते पायदळी तुडवायचं नसतं, झाडाच्या बुडाशी टाकायचं असतं. फुलाला मेल्यानंतरही एक जागा आहे, एक नाव आहे. आमच्या जुन्या दारावर भावजयीनं तीन वर्षांपूर्वी प्लॅस्टिकच्या झेंडूचं तोरण बांधलं होतं. ते कोमेजलं नाही, पण उन्हानं पांढरं पडलं, धुळीनं काळं झालं, आणि कुणी काढलंही नाही, कारण ते काढून टाकायचं कुठं? न कोमेजणारी वस्तू मरत नाही असं नाही. तिच्या मरणाची सोय कुणी करून ठेवलेली नसते, एवढंच.

मग दोन्हीकडून विचार केला तर उरतं काय? टिकाऊ घ्यावं की नाशवंत? मला वाटतं, प्रश्न असा नाहीच. नाशवंत गोष्टी सांभाळायला कुणाची तरी कंबर लागते. ती कुणाची, हा पहिला प्रश्न. आणि टिकाऊ गोष्टींचा भार आज कुणावर पडत नसला तरी उद्या कुणावर तरी पडतो. तो कुणावर, हा दुसरा. पहिला प्रश्न आम्ही पुरुषांनी कधी विचारला नाही. दुसरा आता कुणीच विचारत नाही.

दसऱ्याला नवं घर तयार झालं. गुळगुळीत फरशीवर आई ओल्या फडक्यानं उभ्या उभ्या पुसत होती. मिस्त्रीनं लांब दांड्याचं पुसणं आणून दिलं होतं. तिच्या चेहऱ्यावरचं सुख मी बघितलं आणि माझी चार पानं मनातल्या मनात फाडून टाकली. देवघरात गेलो. भिंतीवर ते छापील कमळ होतंच. त्याच्या खाली, देवांपुढं, परसातली ताजी जास्वंद होती. ती आईनंच पहाटे तोडली होती.

मी म्हटलं, "तुला तर उचलायची नव्हती ना फुलं?"

"फरशी माझी सोय हाय," आई म्हणाली, "देव का सोयीचा हाय?"

कशावर कष्ट करायचे आणि कशावर नाही, हे तिनं स्वतः ठरवलं होतं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

प्लॅस्टिकचं तोरण मी उतरवलं आणि बाजारातून किलोभर झेंडू आणून ढाळजेत ओवायला बसलो. निम्मी फुलं सुईनं फाटली. आई शेजारी खुर्चीवर बसून बघत होती. "देठात सुई घाल, पाकळीत नगं," म्हणाली. दोन तास गेले. तोरण वाकडं झालं, पण झालं.

दोन दिवसांनी ते सुकलं. आईनं हाक मारली, "अरे, तोरण वाळलंय बघ."

ती जागची उठली नाही. मीच उठलो, ते उतरवलं आणि जास्वंदीच्या बुडाशी नेऊन ठेवलं.