कुटुंबवत्सल

बाबांच्या प्रथम पुण्यस्मरणाचा मजकूर छापायला द्यायचा होता. छापणाऱ्याने नेहमीचा नमुना पाठवला : ‘कुटुंबवत्सल, परोपकारी, गिरिप्रेमी.’ मी पहिल्याच शब्दावर काट मारली. पनवेलच्या घरात आई समोर वाती वळत बसली होती. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

आई : तो शब्द का गं खोडलास?

मी : बाकीचे दोन खरे आहेत, म्हणून ठेवले.

आई : तुझ्या दहावीला रोज पहाटे चारला उठून चहा करून देणारा माणूस कुटुंबवत्सल नव्हता? प्रबळगडाच्या वाटेवर तुला खांद्यावर बसवून सात वर्षांनी फुलणारी कारवी दाखवणारा?

मी : ते खरंच आहे. म्हणून तर जास्त लागतं. २०२३चा अधिक महिना आठवतो ना? माझ्या लग्नानंतरचा पहिला. तू ३३ अनारसे केलेस, जावयाला रविवारी धोंड्याच्या जेवणाला बोलावलंस. आणि बाबा गुरुवारी पहाटे इर्शाळवाडीला गेले, ते थेट रविवारी रात्री आले.

आई : १९ जुलैच्या रात्री दरड वाडीवर आली होती. वर गाडीरस्ता नाही, जेसीबी नेणार कसा? भर पावसात माणसंच फावडी-घमेली घेऊन चढत होती. ज्याच्या पायाखालचा तो डोंगर, त्याने घरी बसायचं?

मी : त्यांनी जायलाच हवं होतं, हे मला कळतं. माझं म्हणणं वेगळं आहे. तो रविवार माझा होता. माझ्या लहानपणापासूनचे असे कितीतरी रविवार त्यांनी दुसऱ्यांना देऊन टाकले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय लागतं? दान करायचं तर वस्तू आपली हवी ना, आई?

आईने वातींचं तबक बाजूला सारलं.

आई : दानाचं पाणी सोडताना बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते, पाहिलंयस ना? ह्यांच्या प्रत्येक जाण्याला माझा हात लागलेला होता.

मी : म्हणजे तू ‘मम’ म्हणत राहिलीस.

आई : नुसतं मम नव्हे. एकदा अडवलंही होतं. तुझा भाऊ तापाने फणफणला होता आणि हे दोर घेऊन दारात. म्हटलं, आज नाही. दोर खुंटीला लावला आणि रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. पुढे कधी त्याचा उच्चारही केला नाही. मी नाही म्हटलेलं चालायचं, म्हणून तर माझ्या ‘हो’ला किंमत होती.

मी : तुला विचारलं. मला कधी विचारलं?

आई बराच वेळ बोलली नाही.

आई : नाही विचारलं. पोरांना काय विचारायचं, असं आम्हा दोघांनाही वाटायचं. चुकलंच ते. पण मला सांग, घरातून निघताना ते काय म्हणायचे?

मी : ‘येतो.’

आई : आपल्यात ‘जातो’ कुणी म्हणत नाही. त्या रविवारी रात्री बाहेरच्या नळावर पाय धुताना मला म्हणाले, शोध थांबवला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. ‘ती पोरं घरातून येतो म्हणून निघाली होती गं,’ म्हणाले, ‘आता यायचं कुठे?’ एवढं बोलून नळ तसाच चालू ठेवून उभे राहिले. घराची माया नसलेल्या माणसाला हे सुचेल का?

मी : मग आमच्यावरची माया आणि त्या मुलांवरची माया एकच?

आई : माया एकच. वेळ मात्र एकच असून भागत नाही. तो कमी पडला आणि तुझ्या वाट्याला कमी आला, हे मी कसं नाकारू?

तेव्हा मला सोमवार आठवला. आईने आदल्या दिवशी आम्हाला जेवू घातलं होतं, पण जावयाचं वाण बाबांसाठी राखून ठेवलं होतं. सोमवारी दुपारी ते ताट घेऊन बाबा माझ्या दारात उभे होते. ताटात दिवा आणि मोजून ३३ अनारसे. हात स्वच्छ धुतलेले, तरी नखांच्या कडांना चिखल होता. उजव्या तळव्याला फोड आले होते, म्हणून ताट त्यांनी मनगटांवर पेललं होतं. मी दार उघडलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेले. वाण माझ्या नवऱ्याने घेतलं.

मी : आई, त्या दिवशी मी त्यांना ‘या’सुद्धा म्हटलं नाही.

आई : माहीत आहे. घरी येऊन म्हणाले, ‘पोर रागावली आहे, आणि तिचं बरोबर आहे.’

मी खोडलेला शब्द पुन्हा लिहिला. माझी तक्रार त्याने मिटली नाही, मिटायचं कारणही नाही. कुटुंबवत्सल माणसाच्या हातूनही घरच्यांचं देणं राहून जातं. ते राहिलं, हे त्याला कळत असतं, आणि फोड आलेल्या हातांनी तो ते फेडायला येतो. बाबा आले होते. दारात मीच नव्हते.

डोंगरात, पुरात, दरडीत दुसऱ्यांसाठी धावणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे : निघण्याआधी घरातल्या लहानात लहान माणसालाही विचारा. आणि घरच्यांनो, राग असू दे, पण तो माणूस परत आला की दारात उभं राहून त्याला ‘या’ म्हणा.