झिजलेला दांडा

ओल एव्हिनरूड याने १९०९ साली मिलवॉकी येथे होडीच्या मागे लावावयाचे इंजिन विकावयास काढले. तसली जुनी इंजिने दुरुस्त करून जपणाऱ्या अमेरिकेतील हौशी मंडळींचा एक पेच आम्हांस बरेच दिवस छळीत आहे.

कार्बुरेटरमधील थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षे फिरून त्याचे भोक रुंदावते. फटीतून आगंतुक हवा शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि मंद गतीत इंजिन अडखळते. भोक मोठे करून त्यात पितळी बुश बसविणे हा खरा उपाय. पण त्यासाठी मूळ धातू कापावा लागतो. दुसरा उपाय सोपा. पेट्रोलचा स्क्रू किंचित सैल केला की गिऱ्हाइकासमोर इंजिन छान गुरगुरते! पुढे दांडा हलतो, फट बदलते, जुळणी बिघडते. पण तोवर सौदा झालेला असतो.

अस्सलपणाचे कैवारी या दुसऱ्या उपायास जतन म्हणतील. आम्हांस ते पटत नाही. बुश आपली दुरुस्ती उघड दाखवितो. स्क्रू कोणासच काही सांगत नाही. टिपणीतील चूक पुढल्या टिपणीत शब्द सैल करून निभावण्याची विद्या आम्हां कारकुनांस अवगत आहे, म्हणून हे लगेच ओळखू आले. गेल्याच महिन्यात आम्ही तसे केले. फाइल वरिष्ठांकडे गेली आहे. ती परत मागवावयाचे धैर्य अद्याप झालेले नाही.