पाणी कुठलं पिता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रोज जे केस पेपर निघतात, त्यांतल्या कितीतरी कागदांवर तक्रारीच्या जागी एकच मजकूर दिसतो : कंबरदुखी, सांधेदुखी. घाईतला डॉक्टर तेवढंही लिहीत नाही, ‘एलबीए’ (लो बॅकएक) एवढी तीन अक्षरं टाकतो. खाली दोन-तीन गोळ्या, फार तर एक सुई. दुखणं पाच दिवसांचं असो की पाच वर्षांचं, समोर सत्तरीची आजी असो की सतरा वर्षांची पोर, कागद तोच.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात ते वेगळंच. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा, हा केस घेण्याचा पहिला धडा असतो. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद हा रीतसर शिकवण्याचा विषय झाला आहे. पण ओपीडीबाहेर दीडशे माणसांची रांग असली की धडा मागे पडतो आणि बोलणं साधारण असं होतं :

“काय होते, आजी?”

“लय दुखते साहेब. टोंगये, कंबर, मान, सारंच.”

“कधीपासून?”

“झाले बरेच दिवस.”

“बरं, गोळ्या देतो. जेवण करून घ्या. हं, पुढचा कोण?”

यात कोणी खोटं बोललं नाही, कोणी कोणाचा अपमान केला नाही. डॉक्टर उर्मट नाही, आजी अडाणी नाही. तरीही निदानाला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट इकडून तिकडे गेली नाही. जुन्या दुखण्याबद्दल आपण बोलतो तेव्हा दोष बहुतेक पेशंटच्या सांगण्यावर ठेवतो. त्याला नीट सांगता येत नाही, तो पाल्हाळ लावतो, काहीही विचारलं तरी ‘लय दुखते’ म्हणतो. मला हे उलटं वाटतं. सांगण्यापेक्षा विचारण्यात उणीव आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती फार महागात पडते.

याच आजीला एक जास्तीचा प्रश्न विचारून पाहा : पाणी कुठलं पिता? पांढरकवडा आणि त्याच्या आसपासच्या भागात भूजलातलं फ्लोराइड मर्यादेच्या कित्येक पट आहे. २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्या भागाचा अभ्यास छापूनही आला आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की ते हाडांत साठतं. मणके आणि सांधे कडक होतात, स्नायूंच्या बंधांवर हाडाचे थर चढतात. सुरुवातीला नुसती ठणक आणि सकाळचं आखडणं असतं. त्या टप्प्यावर एक्स-रे बहुधा साफ येतो आणि मग ‘वय झालं, वात आहे’ हे ठरलेलं उत्तर मिळतं.

हा आजार ओळखायच्या पहिल्या चाचण्यांना यंत्र लागत नाही. गुडघे न वाकवता पायाचा अंगठा धरता येतो का? हनुवटी छातीला टेकते का? हात वर नेऊन डोक्याच्या मागे लावता येतो का? तिन्ही मिळून अर्धा मिनिट. आजीसोबत नातू आलेला असेल तर तेवढंही लागणार नाही. त्याला फक्त ‘आ’ करायला सांगायचं. समोरच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा दिसल्या, तर आजीच्या गुडघ्यांचं निदान निम्मं तिथेच झालं. लहानपणी दात तयार होत असताना जे पाणी पोटात गेलं, त्याची नोंद दात ठेवतात आणि ती पुसली जात नाही. नातू खोलीत उभा असतो, दात दिसत असतात, पण दात आणि कंबर हे दोन वेगळ्या खोल्यांचे विषय ठरलेले असतात.

पाण्याचा प्रश्न विचारला नाही तर काय होतं, तेही बघायला हवं. फ्लोराइडने कडक झालेलं हाड गोळीने मऊ होत नाही. पाणी बदलणं हाच त्यावरचा पहिला उपाय. पाणी तेच राहिलं आणि वेदनाशामक गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चालू राहिल्या, तर हाडांचं दुखणं थांबत नाहीच, वर मूत्रपिंडांवर भार पडतो. गोळीने भागेनासं झालं की माणूस बिननावाच्या पुड्या देणाऱ्याकडे वळतो. अशा पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवसांत मोकळं वाटतं, भूक लागते, आणि काही महिन्यांनी चेहरा सुजलेला असतो. पुढे सरकारी दवाखान्यात गेल्यावर आजी पुडीचं नाव काढत नाही, कारण मागच्या खेपेला त्यावरून बोलणी खाल्लेली असतात. रागावून विचारलं की माहिती लपते, एवढं साधं गणित आहे.

सिकलसेलचं दुखणं याहून वेगळं, आणि त्याच्या वाट्याला येणारा अविश्वासही वेगळा. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातल्या आदिवासी, दलित आणि काही इतर मागास समाजांत मोठ्या प्रमाणावर आहे. शरीराला पाणी कमी पडलं, थंडी लागली, अतिश्रम झाले की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मग हाडाच्या आतून कळा सुटतात. कापसाच्या वेचणीचे दिवस डोळ्यांसमोर आणा : हिवाळ्यातली पहाट, दवाने ओले पाय, दुपारचं ऊन, प्यायला एक बाटली पाणी, कमरेला कापसाचं गाठोडं आणि किलोवर मजुरी. सिकलसेलच्या माणसाला जे जे टाळायला सांगतात, ते सगळं या एका कामात हजर असतं.

अशी सतरा-अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात येते तेव्हा सूज नसते, जखम नसते, बहुधा तापही नसतो. लहानपणापासून कळा सोसलेल्या असतात, त्यामुळे ती ओरडत नाही. गप्प बसते, हातात मोबाइल असतो. बघणाऱ्याला वाटतं, इतकं दुखत असतं तर मोबाइल कसा बघितला असता? ‘नाटक करते’, ‘कामाची चोरी’, ‘लग्न झालं की बरी होईल’ ही वाक्यं घरी बोलली जातात तशी दवाखान्याच्या बाकावरही ऐकू येतात. वारंवार सुई मागितली तर सवय लागली म्हणतात. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजायला लागलं आणि मुलगी लंगडायला लागली, म्हणजे मग विश्वास बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. जुलै २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासण्या होत आहेत, कार्डं वाटली जात आहेत. पण ते कार्ड लग्न जुळेपर्यंत ट्रंकेच्या तळाशी ठेवायचं असतं. त्यामुळे मुलगी स्वतःहून सांगणार नाही, आणि सोबत सासू असेल तर नक्कीच नाही. ‘घरात कोणाला सिकलसेल आहे का?’ हे सगळ्यांसमोर विचारून चालत नाही, सासूला दोन मिनिटं बाहेर बसवावं लागतं.

बाईच्या दुखण्याबद्दल विदर्भात एक धडा फार आधी मिळालेला आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका शंभरात आठही नव्हत्या. म्हणजे दुखणं होतं, ते पुष्कळ बायकांना माहीतही होतं, आणि ते सांगण्याजोगी जागा मात्र नव्हती. पुरुष डॉक्टरपुढे, नवरा शेजारी उभा असताना, बाई ‘कंबर दुखते’ एवढंच म्हणते. ते खोटं नसतं. दाराची कडी वाजवून पाहणं असतं. आतून ‘कधीपासून? पाळीच्या वेळी वाढते का? अंगावरून जाते का?’ असं आलं तर ती पुढचं सांगेल. ‘गोळ्या देतो’ असं आलं तर गोळ्या घेऊन जाईल.

गडचिरोलीचीच आणखी एक गोष्ट. तिथल्या आदिवासींनी बंग दांपत्याला सांगितलं होतं की मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांतल्या डॉक्टर-नर्सची भीती वाटते, कारण पांढरं कापड प्रेतावर घालतात. म्हणून त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचं रुग्णालय आदिवासी गावासारखं बांधलं गेलं आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. रुग्णालय कसं असावं हे पेशंटला विचारून ठरवता येतं, तर दुखणं कसं आहे हे त्याला विचारायला काय हरकत आहे?

हरकत वेळेची आहे, असं डॉक्टर म्हणतील, आणि ती खोटी नाही. २०१७ मध्ये ६७ देशांमधल्या प्राथमिक सेवेचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतात डॉक्टर-पेशंट भेटीचा वेळ साधारण दोन मिनिटं निघाला, स्वीडनमध्ये साडेबावीस. पण या दोन मिनिटांबद्दल दुसरीही एक बाजू आहे. १९८४ मधल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत तोडतात असं दिसलं होतं. पुढे स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना सांगितलं, पेशंट थांबेपर्यंत मध्ये बोलू नका. ३३५ पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि पाचांतले जवळपास चार दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. आपल्याकडचे पेशंट जास्त पाल्हाळ लावतात, असं कोणी म्हणेल. लावत असतीलही. पण निम्मा पाल्हाळ तर ‘साहेब मध्येच तोडतील’ या धास्तीनेच सुरू होतो.

दुखणं मोजायला दहापैकी आकडा विचारायची पद्धत आता सगळीकडे आली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटला ती चालते. रोज दुखणाऱ्या माणसाला ‘दहापैकी किती?’ विचारलं तर तो ‘दहा’ म्हणतो किंवा नुसता बघत राहतो. त्यापेक्षा उकिडवं बसता येतं का, चुलीपुढून उठताना काय धरावं लागतं, दुसऱ्या कुशीवर वळताना जाग येते का, मागच्या हंगामात किती कापूस वेचत होता आणि यंदा किती, हे विचारावं. याची उत्तरं नेमकी येतात, पुढच्या भेटीत ताडून पाहता येतात आणि औषधाने खरंच काही फरक पडला का तेही कळतं. ठणका, चमक, भगभग, मुंग्या हेही काही दुःखाचे अलंकार नव्हेत. तळपायाची भगभग आणि चमक नसेकडे बोट दाखवते, ठणका सुजेकडे. केस पेपरवर ‘दुखते’ लिहिलं की हा सगळा फरक गेला. झरी जामणीकडचा कोलाम म्हातारा आपलं दुखणं कोलामीत जगतो, मुलाला ते मोडक्या मराठीत सांगतो, मुलगा डॉक्टरला सांगतो आणि डॉक्टर इंग्रजीत लिहितो. एवढ्या प्रवासात काय उरणार? तिथे गावची आशाताई सोबत असेल तर तिला खोलीबाहेर न ठेवता आत बोलवायला हवं.

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही’ हेही एक घातक वाक्य. तीन महिन्यांच्या पलीकडे टिकलेलं दुखणं काही वेळा स्वतःच आजार होतं, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केलं आहे. दुरुस्त करायला जखम उरत नाही, तरी मज्जासंस्था दुखणं चालू ठेवते. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली तेव्हा सोबत स्पष्ट नोंदवलं की माणूस दुखतं म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, आणि त्याला सांगता येत नाही म्हणून दुखत नाही असं होत नाही.

या जिल्ह्यात हा मुद्दा निव्वळ वैद्यकीय राहत नाही. ‘आजाराला कंटाळून आत्महत्या’, ‘पोटदुखीला कंटाळून’ ही वाक्यं आपल्या वर्तमानपत्रांत इतकी ठरून गेली आहेत की डोळा त्यांवर अडत नाही. कधी त्यामागे कर्ज दडवलेलं असतं, कधी खरोखर दुखणं असतं. खरं असेल तेव्हा एवढंच कळतं की एक माणूस दीर्घकाळ दुखतं म्हणत होता आणि कोणीतरी त्याला गोळ्या देत होतं.

२०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ‘काय फवारलं होतं, कशात काय मिसळलं होतं?’ हे विचारल्याशिवाय अशा माणसावर उपचार होत नाहीत, हे त्यानंतर यवतमाळमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जुन्या दुखण्याला अशी किंमत अजून आलेली नाही, कारण त्याने माणूस एका रात्रीत मरत नाही.

पेशंटनेही थोडी तयारी करून जावं. संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या फेकू नयेत, सोबत न्याव्यात. पुडी घेतली असेल तर सांगावं, बोलणी बसली तरी सांगावं. ‘लय दुखते’च्या आधी कोणतं काम बंद पडलं ते बोलावं. पण दवाखान्याची वाट धरलेल्या माणसावर सगळा भार टाकणं हा न्याय नव्हे. केस पेपर सरकारच छापतं. त्यावर पिण्याच्या पाण्याचा स्रोत, घरातला सिकलसेल आणि रोजचं काम यांसाठी तीन ओळी वाढवायला नवी योजना लागत नाही, आणि त्या ओळी पेशंट रांगेत असतानाच नर्सला किंवा आशाताईला भरता येतील. नातेवाइकांसमोर सिकलसेलबद्दल विचारू नये, एवढी सूचना मात्र सोबत हवी. जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने पुढच्या छपाईत हे करावं.