दाखवायचे घर

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्या पिढीने ती रूढ केली, तिच्यावर घर विकण्याचा प्रसंग क्वचितच येई, आणि आलाच तर तो चारचौघांत बोलून दाखवण्यासारखा नसे. आता काळ बदलला आहे. वाडवडिलांचे घर विकून भावंडांत वाटणी करणे, लहान विकून मोठे घेणे, मोठे विकून गावाकडे जाणे, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांच्या नित्य व्यवहारात येऊन बसले आहे. म्हणून त्या म्हणीला ‘घर पाहावे विकून’ अशी पुस्ती जोडावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. घर बांधताना माणसाच्या ऐपतीची परीक्षा होते. विकताना त्याच्या सचोटीची होते. त्या परीक्षेत मी स्वतः नापास झालो. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे बालपण वांद्र्यात गेले. उपनगरांची राणी म्हणून मिरवणारे हे उपनगर एकेकाळी कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या पाखाड्यांचे गाव होते. चिंबई, शेर्ली, पाली ही नावे आजही त्याची साक्ष देतात. १९१८ साली साल्सेट कॅथोलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि मध्यमवर्गीय कुटुंबांचे टुमदार बंगले उभे राहिले. पुढे कित्येक बंगल्यांच्या जागी इमारती आल्या आणि इमारतींच्या जागी मनोरे. आज तेथे दोन ओळखीची माणसे भेटली, तर पहिला प्रश्न प्रकृतीचा आणि दुसरा दराचा असतो: तुमच्या गल्लीत चौरस फुटाला काय भाव चालला आहे? कोणाची मुले कॅनडात स्थायिक झाली, कोणाकडे एकटी म्हातारी उरली, कोणाच्या इमारतीचा पुनर्विकास अडला, ही बातमी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आधी एजंटला कळते.

अशा बाजारात घर सजवून दाखवणे हा एक स्वतंत्र धंदा झाला तर नवल नाही. त्याचे इंग्रजी नाव ‘होम स्टेजिंग’ असे आहे. स्टेज म्हणजे रंगमंच. अमेरिकेत सिएटल शहराच्या परिसरात बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी १९७२ साली त्याचा पाया घातला, असे सांगितले जाते. त्याचे नियम साधे आहेत. जादा सामान हलवावे, भिंती फिकट रंगवाव्यात, खिडकीसमोर आरसा लावावा, भर दुपारीसुद्धा दिवे लावून ठेवावेत. घरच्यांची छायाचित्रे व धार्मिक चित्रे उतरवावीत, म्हणजे पाहणाऱ्याला त्या भिंतींवर आपले कुटुंब कल्पिता येते. नव्या इमारतींच्या ‘सॅम्पल फ्लॅट’मध्ये याच्याही पुढची मजल गाठलेली अनेकदा दिसते: खोली मोठी भासावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड बनवलेला असतो आणि मधले दरवाजे बसवलेलेच नसतात.

आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाला शेजारणीच्या कपबश्या आणि उसनी आणलेली पलंगपोस आपल्या घरांनीही पाहिली आहे. पाहुणा यायचा म्हणून घर आवरणे यात पाप नाही, उलट आदर आहे. छायाचित्रे उतरवण्यातही मला खोटेपणा दिसत नाही. ‘आता ही जागा तुमची’ असे म्हणण्याचा तो एक मार्ग असू शकतो. मग आदर कोठे संपतो आणि फसवणूक कोठे सुरू होते?

आई देवाघरी गेल्यानंतर २०१९ च्या आरंभी आम्ही भावंडांनी वांद्र्याचे घर विकायचे ठरवले. घर पाहायला आलेला एजंट स्वभावाने चांगला होता. तो म्हणाला, “फादर, माणूस घरात शिरला की पहिल्या दोन मिनिटांत ठरवतो. पुढचा सगळा वेळ तो फक्त कारणं शोधतो.” त्याच्या सल्ल्याने आम्ही बाबांची आरामखुर्ची हलवली, लग्नाचे फोटो उतरवले, आणि शेवटी हॉलमधला अल्तार काढला. चाळीस वर्षे ज्याच्यासमोर आम्ही रोज संध्याकाळी रोझरी म्हटली होती, त्याच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. थोरल्या बहिणीला तो पाहवेना. रंगाऱ्याने दुसऱ्या दिवशी तोही पुसून टाकला.

मागच्या खोलीत, नैर्ऋत्येकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येई. जून सरता सरता तेथे पोपडे सुटत, जुलैत भिंत काळवंडे, आणि आई दिवाळीपर्यंत तिच्याजवळ अंथरूण घालू देत नसे. फेब्रुवारीत भिंत अर्थातच कोरडी होती. तिच्यावर लांबी भरून रंगाचे दोन हात दिले; तरीही उन्हात एक पुसटशी कड दिसेच. “कपाट तिथं सरकवा,” असे कोणीतरी म्हणाले. ते कोणीतरी म्हणजे मीच होतो.

घर पाहायला एक तरुण जोडपे आले. सोबत नवऱ्याची आई होती. तरुण मंडळी खिडकीतून दिसणारे झाड पाहत असताना ती माउली मागच्या खोलीत आली आणि माझ्या झग्याकडे पाहत विश्वासाने म्हणाली, “फादर, पावसात इकडं ओल येत नाही ना?”

मी म्हणालो, “आत्ताच सगळ्या घराला रंग दिलाय, आई. बघा ना.”

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्हाला ‘मनातल्या मनात राखून ठेवलेल्या’ अर्थाचा वाद शिकवला होता: ओठांवर अर्धे वाक्य आणि उरलेले अर्धे मनात, अशी हातचलाखी केली तर ते खोटे ठरते की नाही? पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली या पळवाटेचा निषेध केला, हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या दिवशी मागच्या खोलीत ते ज्ञान माझ्या कामाला आले नाही.

घर सजवण्याची एक फार जुनी गोष्ट रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ साली लिहिलेल्या ‘कर्तव्ये’ या ग्रंथात सांगितली आहे. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिसिलीतील सिराक्यूझला गेला आणि तेथे एखादी बाग घ्यावी असे म्हणू लागला. पिथियस नावाच्या सावकाराने हे ऐकले. आपली बाग विकायची नाही असे सांगून त्याने कॅनियसला दुसऱ्या दिवशी तेथे जेवायला बोलावले आणि गावातल्या कोळ्यांना गुपचूप निरोप धाडला: उद्या माझ्या बागेसमोरच मासे पकडा. कॅनियस आला तो समोर होड्यांची दाटी. एकामागून एक कोळी येई आणि मासळी पिथियसच्या पायाशी टाकी. “यात नवल काय? सिराक्यूझची सारी मासळी इथेच,” असे यजमानाने सहज सांगितले. पाहुण्याच्या तोंडाला पाणी सुटले. त्याने पिथियस सांगेल त्या किमतीला, सामानसुमानासकट बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन तो तेथे गेला, तर एकही होडी नाही. “आज कोळ्यांचा सण आहे काय?” असे त्याने शेजाऱ्याला विचारले. शेजारी म्हणाला, “इथे कोणीच मासे धरत नाही. काल काय झाले, याचेच मला आश्चर्य वाटत होते.”

पिथियसने बागेचे एकही झाड खोटे लावले नव्हते. मासे खरे होते, कोळी खरे होते. खोटे काय होते? खरेदीदाराच्या मनात जे चित्र उभे राहणार ते खोटे आहे, हे पिथियसला ठाऊक होते आणि त्याच चित्राची तो किंमत घेत होता. माझे कपाटही खरे सागवानी होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. मालातला दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे काय, असा प्रश्न ते विचारतात आणि उत्तरात मोठा समतोल राखतात. दोष उघड दिसत असेल, जसे घोड्याला एकच डोळा असणे, तर तो ओरडून सांगण्याची गरज नाही. मात्र किंमत त्या मानाने कमी हवी. दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगणे बंधनकारक आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत पडायला आलेले घर आहे. दोषाची दवंडी पिटावी, असे मात्र ते म्हणत नाहीत; दवंडी ऐकून लोक पाठ फिरवतील आणि मालाचे गुण त्यांना कळणारच नाहीत. जो दाराशी येतो, त्याला समोरासमोर सांगावे. म्हणजे जाहिरातीत ‘ओल आहे’ असे छापण्याची सक्ती माझ्यावर नव्हती. पण माझ्या घरात उभ्या राहिलेल्या त्या माउलीला ते सांगण्याची होती.

आपल्या देशाचा कायदा याहून वेगळे काही म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करायचा असतो. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याचे १२ वे कलम नमुन्याच्या सदनिकेलाही लागू आहे: तिच्यावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची आहे.

“पण फादर, सगळेच असे करतात,” असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. घेणाराही नाटक करतो. घर मनापासून आवडलेले असताना तो नाक मुरडतो, भिंतीवर बोट आपटून मान हलवतो, म्हाताऱ्या विधवेला पैशांची निकड आहे हे हेरून भाव पाडतो. एखादीचे सारे म्हातारपण त्या एका व्यवहारावर अवलंबून असते. तिने घर नीटनेटके करून चांगली किंमत मागितली, तर तिला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही. सचोटीचा नियम दोन्ही बाजूंना लागू आहे. सिसेरोनेच स्केव्होला नावाच्या न्यायपंडिताची हकिकत दिली आहे: शेत विकणाऱ्याने किंमत सांगितली, तेव्हा ‘माझ्या मते ते याहून मोलाचे आहे’ असे म्हणून या खरेदीदाराने लाखभर नाणी वर दिली. असा गिऱ्हाईक आपल्या एजंटांनी पाहिला नसेल. तरीही एकाच्या नाटकाने दुसऱ्याचे नाटक शुद्ध होत नाही. दोघांमधला विश्वास मात्र दुप्पट वेगाने आटतो.

या साऱ्याचा विचार मी नंतर केला. त्या वर्षी जुलैत मुसळधार पाऊस लागला होता आणि एका सकाळी जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचा चौदावा अध्याय माझ्यासमोर आला. पुजाऱ्यांसाठीचे ते नियम एरवी आपण भरभर उलटून पुढे जातो. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे उमटले, तर काय करावे, हे तेथे बारकाईने सांगितले आहे. घराच्या मालकाने स्वतः पुजाऱ्याकडे जाऊन, माझ्या घरात काहीतरी लागण दिसते, असे सांगायचे. पुजाऱ्याने तपासायला येण्यापूर्वी घर रिकामे करवायचे. त्यातील सामानावर अशुद्धतेचा शिक्का बसू नये, हे त्याचे कारण. मग सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहायचे, खराब दगड काढायचे, भिंत खरवडून नव्याने गिलावा करायचा.

वाचता वाचता मी थबकलो. त्या जुन्या नियमात घर पाहायला येणाऱ्यासाठी सामान बाहेर काढतात. आम्ही घर पाहायला येणाऱ्यांसाठी कपाट आत सरकवले होते. तेथे मालक स्वतः चालत जाऊन दोष सांगतो आणि पुजारी भिंत तपासतो. येथे मालक आणि पुजारी एकच होते, आणि दोघांनी मिळून एक भिंत झाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी गेलो. दार त्या माउलीनेच उघडले. मी मागच्या खोलीकडे वळलो, तशी ती काही न बोलता माझ्या मागे आली. कपाट पुढे ओढलेले होते आणि त्यामागची भिंत छातीच्या उंचीपर्यंत काळी पडली होती. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला शंका आली होती. पण तुम्ही फादर, म्हणून पुन्हा विचारलं नाही.”

दोष नंतर उघड झाला तर विकणाऱ्याने भरपाई द्यावी, असे संत थॉमस सांगतात. बहिणीने आणि मी आमच्या वाट्यातून बाहेरच्या भिंतीचा गिलावा आणि फुटक्या पाइपाचा खर्च दिला. भिंत सुधारली. तिच्या त्या वाक्याची दुरुस्ती कोणत्या कंत्राटदाराकडे मिळते, ते मला अजून सापडलेले नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आज ना उद्या हा प्रसंग येईल. घर जरूर झाडा, रंगवा, खिडक्या उघडा, फुले ठेवा. अल्तार उतरवताना डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. आणि घेणारा दाराशी आला की, त्याने विचारायची वाट न पाहता, त्याला आधी मागच्या खोलीत न्या आणि जुलै महिन्यात ती भिंत कशी दिसते ते सांगा. किमतीत थोडे कमी पडेल. तेवढीच त्या भिंतीची खरी किंमत होती.