विभक्त होण्याचा अधिकार

भाषा एक म्हणून राज्यहि एकच असलें पाहिजे काय? पुण्यांत बसून या प्रश्नास होकार देणें सोपें आहे. त्याची किंमत आपणांस मोजावी लागत नाहीं. १९५३ च्या नागपूर करारानें विदर्भास खर्च, नोकऱ्या व शिक्षण यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देऊं केला होता. १९५५ त राज्यपुनर्रचना आयोगानें तर विदर्भाच्या स्वतंत्र राज्याचीच शिफारस केली. तरीहि १९६० त विदर्भ महाराष्ट्रांत आला. पुढें १९८४ त दांडेकर समितीनें प्रदेशाप्रदेशांतील अनुशेषाचा हिशेब मांडला. (समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेंतलेच, हें येथें सांगितलेलें बरें.)

धाकटा भाऊ हिशेब मागूं लागला कीं थोरल्यानें घराण्याची अब्रू पुढें करावी, तसें आमचें वर्तन आहे. वचनभंग झाला म्हणजे वाटणी झालीच पाहिजे, असें आम्ही म्हणत नाहीं. पण वचन पाळलें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार वचन देणाराचा नव्हे. गोव्यास १९६७ त कौल विचारला. त्यानें विलीनीकरण नाकारलें, आणि आम्हीं तें मुकाट्यानें मानलें. विदर्भास तसें कोणीं विचारलेंच नाहीं. तिसऱ्या कलमान्वयें संसदेस तसें विचारण्याचें बंधनहि नाहीं. आमच्या मतें विचारावें. मात्र उद्यां गडचिरोलीनें नागपुराकडे असाच हिशेब मागितला, तर नागपूरकरांनींहि तो ऐकण्याची तयारी ठेवावी.